ओली पिसं

दर बुद्ध पौर्णिमेला आम्ही सिंगापुरातली वीसेक मराठी कुटुंबं कुणाच्या तरी कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये जमतो. वंदना होते, पंचशील म्हटलं जातं, मग खीर आणि गप्पा. यंदा माझ्या शेजारी नागपूरहून नुकताच आलेला एक तरुण संशोधक बसला होता. खिरीची वाटी हातात घेऊन त्याने विचारलं, "ताई, तुम्ही कुठे असता?"

"कोंबड्यांच्या कत्तलखान्यात."

तो हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबला. "म्हणजे अकाउंट्सला?"

"नाही, कापण्याकडेच. कोंबडी लॉरीतून उतरल्यापासून थंड खोलीत जाईपर्यंत तिच्याशी कोण कसं वागतं, ते बघणं माझं काम."

"पण ताई, आत्ताच आपण पहिलं शील म्हटलं. प्राणिहत्येचं."

"म्हटलं ना. तुमच्या शेजारीच उभी होते मी."

तो खीर ढवळत खालच्या आवाजात म्हणाला, "तसं चिकन मीपण खातो."

"मग तुमच्या वाटणीचं बघते मी," मी म्हटलं. त्यावर मात्र दोघंही मोकळेपणी हसलो.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाविषयी लिहायला सांगितलं तेव्हा हे संभाषण आठवलं. इथे बँकवाले आणि कॉम्प्युटरवाले भरपूर आहेत, त्यांच्या कामाविषयी कुणी ना कुणी लिहीलच. माझ्या कामाविषयी मी लिहिलं नाही तर कुणी लिहिणार नाही. तेव्हा जेवण झालं असेल तर वाचा.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. घरातलीच कशाला, परभणीकडच्या आमच्या गावात आमच्या आळीतली पहिली. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. माझा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि ती कशासाठी घेतली हे मुकादमाला दोनदा सांगितलं. पदवी अन्नतंत्रज्ञानाची. वडिलांना वाटलं, लेक बिस्किटाच्या कारखान्यात जाणार. मी गेले कोंबड्यांत, आणि तेही समुद्र ओलांडून.

तसं हे काम मी घरातच पाहिलं होतं. माझी माय कोंबड्या पाळायची. दहा-बारा असायच्या, अंगणातच वाढलेल्या, रात्री खुराड्यात कोंडायच्या. पाहुणा आला किंवा कुणी बाळंतीण असली की त्यातली एक कापली जायची आणि ती मायच कापायची. आळीतल्या इतर घरांत गडीमाणसं कापत. पण बायका आपली कोंबडी घेऊन मायकडे येत, कारण तिच्या हातची कोंबडी ओरडत नसे.

तिची रीत ठरलेली होती. कापायची ती कोंबडी आदल्या संध्याकाळी वेगळी काढून डालग्याखाली झाकून ठेवायची. दाणा नाही, फक्त पाणी. मला त्या कोंबडीची दया यायची. एकदा मी गुपचूप तिला मूठभर ज्वारी टाकली. सकाळी मायनं गळ्याकडची पिशवी काढायला घेतली तर ती टच्च भरलेली, हातात फुटली आणि सगळं मांस बरबटलं. माय मला रागावली नाही. "तू तिला जेवू घातलंस, पन तिच्या काय कामाला आलं ते? अन् आता आपल्याबी न्हाई," एवढंच म्हणाली आणि मटण धूत बसली.

सुरीला धार आदल्या दिवशीच, तीही घरामागे जाऊन. कोंबडीमागे पळायचं नाही. पहाटे अंधुक असताना डालगं उचलायचं, पंख अंगाशी दाबून तिला काखेत धरायचं आणि बाकीच्या कोंबड्यांना दिसणार नाही अशा जागी न्यायचं. पदराचं टोक तिच्या डोळ्यांवर टाकायचं आणि ती सैल पडेपर्यंत तसंच बसायचं. मग जबड्याच्या लगत खाली, दोन्ही बाजूंच्या शिरा एका ओढीत. यानंतरचं सगळ्यात महत्त्वाचं. कापून तिला मातीत भिरकावून द्यायचं नाही, पूर्ण शांत होईपर्यंत हातातच धरायचं. "जीव जातोय तिचा. तेवढा येळ तरी बसावं मान्सानं," माय म्हणायची.

पिसं काढायला पाणी कढत हवं, उकळतं नको. मायचं माप बोटाचं होतं. बोट दोनदा बुडवता यावं, तिसऱ्यांदा धीर होऊ नये. उकळत्या पाण्यात कातडी पिसांबरोबर निघून येते. आधी पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं, मग अंगाची, मग उरलेली लव जाळावर फिरवून. पोट उघडताना आतडं आणि पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही. धुऊन झालं की मांस तास-दोन तास तसंच ठेवायचं, कारण लगेच शिजवलं तर चिवट होतं. पुढे कॉलेजात यातल्या प्रत्येक गोष्टीला इंग्रजी नाव आणि तापमानाचा आकडा मिळाला. रीत मला आधीच माहीत होती. कापायचं मात्र मायनं मला कधी शिकवलं नाही. सुरीला हात लावला की म्हणायची, "तू वही धर."

सिंगापुरात घरी कोंबडी कापायला परवानगी नाही, सरकारी फ्लॅटमध्ये पाळायलाही नाही. त्यामुळे सगळं कारखान्यात. कोंबड्या पुलापलीकडून, मलेशियातून, जिवंत येतात. प्लास्टिकच्या क्रेट, एकावर एक, लॉरीभर. आल्या की त्यांना विसाव्याच्या शेडमध्ये ठेवतात. मग मंद निळ्या उजेडात, कारण त्या उजेडात त्या शांत राहतात, पायांनी उलट्या हुकांत अडकवतात. हुकांची साखळी सरकत राहते. कोंबडीचं डोकं विजेचा हलका प्रवाह सोडलेल्या पाण्याच्या हौदातून जातं आणि ती बेशुद्ध होते. बेशुद्धच, मेलेली नाही. आमचा कारखाना हलाल आहे, म्हणजे सुरी लागेल तेव्हा कोंबडी जिवंत असायलाच हवी. प्रवाह जास्त झाला तर ती हौदातच मरते, कमी झाला तर तिला सगळं कळतं. या दोन्हींच्या मधल्या बारीक फटीत आमची सगळी नोकरी.

हौदापुढे सुरीवाले उभे असतात. सगळे मुसलमान, शिकलेले, परवाना असलेले. प्रत्येक कोंबडीवर देवाचं नाव घेऊन ते कापतात. त्यापुढे रक्त निथळणं, कढत पाणी, रबरी बोटांचं पिसं काढणारं यंत्र, पोट साफ करणं, बर्फाळ पाणी. मायचा क्रम तोच, फक्त तो न थांबता चालतो.

मराठी मंडळींत मी 'कोंबडीवाल्या ताई' म्हणून प्रसिद्ध आहे आणि मला फोनही त्याच कामासाठी येतात. कुणाला गावरान हवी असते, कुणाला फक्त पाय. एकदा सेंगकांगहून एका अकाउंटंटचा फोन आला. त्यांच्या मुलाच्या शाळेत अंडी उबवण्याचा उपक्रम झाला होता आणि त्यातलं एक पिल्लू घरी आलं होतं. पिल्लाचा झाला कोंबडा. फ्लॅटच्या बाथरूममध्ये राहायचा आणि पहाटे आरवायचा. खालच्या मजल्यावरची आजी दोनदा वर येऊन गेली होती.

मी गेले. कोंबड्याचं नाव त्यांनी नगेट ठेवलं होतं.

"ताई, तुम्ही इथेच केलं तर?" गृहस्थ कुजबुजले. "बाथरूम धुऊन काढू आम्ही. गावरानच झाला ना तो, घरी वाढलेला."

"बाथरूममध्ये वाढलेला," त्यांची बायको म्हणाली. "आणि मी त्याला तोंड लावणार नाही, आधीच सांगते."

सात वर्षांचा मुलगा दारात उभा होता. "आंटी, यू किल हिम प्रॉपरली ऑर नॉट?"

"इथे नाही मारत कुणी. कायद्यात बसत नाही ते," मी म्हटलं. "उत्तरेकडे माझ्या ओळखीच्यांचं शेत आहे, तिथे राहील तो."

"देन व्हॉट फॉर यू कम, लाह?"

इथल्या पोरांच्या इंग्रजीत वाक्यामागे 'लाह' लागतंच, पण प्रश्न बरोबर होता. मी त्याला कोंबडा धरायला शिकवला. पंख अंगाशी, एक हात छातीखाली, डोळ्यांवर रुमाल. गाडीपर्यंत मुलानेच त्याला नेलं आणि नगेट हूं की चूं न करता गेला. मुलगा चकित झाला होता. मी नाही. पण हे असं आत्मविश्वासाने सांगणारी मी एकदा कशी चुकले होते, ते खरं मला लिहायचंय.

नोकरीचं तिसरं वर्ष होतं. मी तेव्हा एकटी होते, कामाच्या पासवर, आणि पास त्याच महिन्यात नवा करायचा होता. कंपनीने अर्ज पाठवला तर राहायचं, नाही तर परत. गावाकडे वडिलांचं काम सुटलं होतं, धाकटा भाऊ शिकत होता आणि माझ्या पगारावर घर चालत होतं.

हरी राया म्हणजे इथली ईद. तिच्या दोन दिवस आधीपासून दुप्पट माल लागतो. त्या गुरुवारी पुलावर गाड्यांची रांग लागली आणि आमच्या लॉऱ्या उन्हात अडकून भर दुपारी आल्या. कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकत होत्या. शेडमधला फोरमन पंखे आणायला गेला होता. मला बघवेना. मे महिन्यात माय लिंबाखाली कोंबड्यांवर पाण्याचा शिडकावा करायची आणि त्या तरतरीत व्हायच्या. मी दोघा कामगारांना म्हटलं, "पाइप लावा. भिजवा सगळ्यांना."

त्यांनी पहिली लॉरी चिंब भिजवली.

ओल्या कोंबड्या साखळीवर चढल्या. मी हौदापाशी होते. मीटरवरचा आकडा अगदी जागच्या जागी होता. पंधरा-वीस कोंबड्या गेल्या असतील नसतील आणि पहिल्या सुरीवाल्याने हात मागे घेतला. हे हामिद. त्यांना सगळे पकचिक म्हणत, मलायमध्ये काका. वय पासष्टीच्या पुढे, दर वर्षी नव्या करारावर कामाला. सुरी उजव्या हातात आणि डावा हात कोंबडीच्या मानेवर, हीच त्यांची पद्धत होती. त्यांनी पुढची मान धरली, सोडली, त्याच्या पुढची धरली आणि डोक्यावरची लाल दोरी ओढली. साखळी थांबली.

"झोपत नाहीयेत," ते मला म्हणाले. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत व्हायचं, मी मराठीत लिहितेय. "पापणी हलतेय, मॅडम. मान वर ओढतात."

"मीटर बरोबर आहे, पकचिक."

"मीटर कोंबडीला धरत नाही."

थांबलेल्या साखळीवर कोंबड्यांना उलटं ठेवता येत नाही. सगळ्यांनी मिळून त्या उतरवल्या आणि परत क्रेटमध्ये घातल्या. मॅनेजर मिस्टर टेओ धावत आले. लाइन थांबवायची असेल तर आधी सुपरवायझरला सांगायचं असा तेव्हा नियम होता. हॉटेलांचे फोन सुरू झाले होते.

"कुणी थांबवली?"

"मी," पकचिक म्हणाले. "भीती वाटणाऱ्या जिवावर मी देवाचं नाव घेत नाही, बॉस."

इंजिनिअरने हौद तपासला, तारा तपासल्या, काही सापडलं नाही. तासाभराने साखळी परत सुरू केली तर कोंबड्या व्यवस्थित बेशुद्ध होऊ लागल्या. बिघाड नव्हताच, असं ठरलं. म्हाताऱ्याला भास झाला किंवा दुप्पट मालामुळे दमला असेल. त्या तासाभरात फोरमनच्या मोठ्या पंख्यांनी कोंबड्या वाळल्या होत्या, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

माझ्या आलं. लगेच नाही, घरी जाताना बसमध्ये. पिसं चिंब असली तर वीज डोक्यातून जात नाही, पाण्याबरोबर अंगावरून वाहून जाते. प्रवाह तेवढाच वाहतो म्हणून मीटर खूश, आणि कोंबडी जागी. हे माझ्या पुस्तकात होतं. मी त्याखाली रेघसुद्धा मारलेली होती. त्या पहिल्या लॉरीत ज्या कोंबड्या क्रेटमध्येच मेल्या, त्या पुलावरच्या रांगेने मेल्या असं नोंदवलं गेलं. त्यातल्या काही तरी माझ्या पाण्याने मेल्या होत्या. आणि पकचिकनी हात मागे घेण्याआधी ज्या पंधरा-वीस कापल्या गेल्या, त्या जाग्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मिस्टर टेओंनी मला बोलावलं. समोर पकचिकची फाइल होती. "तू तिथे होतीस. काही वेगळं दिसलं?"

"मीटर बरोबर होतं," मी म्हणाले.

वाक्य खरं होतं. इतकं खोटं मी आयुष्यात दुसरं बोलले नसेन.

त्यांनी माझ्यासमोर शेरा लिहिला, 'कारण नसताना लाइन थांबवली. वयामुळे काम स्लो.' पकचिकचा करारही त्याच महिन्यात संपत होता. "नवा करायचा की नाही, बघू," टेओ म्हणाले.

रविवारी मायचा फोन आला. माझा आवाज ऐकून तिने दोनदा विचारलं, मग मी सांगितलं.

"पानी मारलंस? तिथं वारं हाय का?"

"नाही गं. दमट असतं इथे. घामसुद्धा वाळत नाही."

"मंग वारं नसल्यावर पानी मारून काय उपेग? उकडून निघाल्या असतील की." तिला कॉलेजात जावं लागलं नव्हतं. मग म्हणाली, "अन् त्या म्हाताऱ्याचं काय झालं?"

"त्याच्यावर आलंय सगळं."

"तू काय म्हन्लीस?"

मी पासचं सांगायला लागले. कंपनीने अर्ज पाठवायचा असतो, सरकार बघतं, परत यावं लागलं तर भावाची फी आहे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पास काय असतो ते मला कळत न्हाई, बाई," ती म्हणाली. "म्हातारं मला कळतंय." आणि भावाला फोन देऊन टाकला.

सोमवारी पकचिकच्या घरी हरी रायाचं जेवण होतं, कारखान्यातल्या सगळ्यांना आमंत्रण. न जाणं जास्त दिसलं असतं. बुकित बातोकला त्यांचा फ्लॅट, दारापुढे चपलांचा ढीग. त्यांची बायको, मकचिक म्हणजे काकू, मला हाताला धरून आत घेऊन गेली आणि ताटात भात आणि कोंबडीचं लाल कालवण वाढलं. पकचिक समोर येऊन बसले.

मी घास घेत नव्हते.

"खा, मॅडम," ते म्हणाले. "ही कोरडी होती."

मी वर बघितलं. ते शांतपणे आपल्या ताटातलं हाड बाजूला करत होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हातमोजा निथळत होता माझा. कारखान्यात पाऊस तर पडत नाही."

"मग सांगितलं का नाही त्यांना?"

"पाइप मी लावला होता?" त्यांनी विचारलं. "मी बघत होतो तुला किती दिवस लागतात. आज चौथा."

मकचिकने सगळं ऐकलं होतं. "आणि हे चार दिवस घरात मला कोण छळतंय? जेवत नाही, टीव्ही लावत नाही. म्हणे, मला स्लो लिहिलं. करार गेला तरी चालेल, म्हणतो, पण स्लो कसं लिहिलं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू आधी जेव. सांगायचं ते उद्या सांग."

मी जेवले. कालवण फार चांगलं झालं होतं, आणि ते चांगलं लागलं याची मला लाज वाटली.

मंगळवारी सकाळी मिस्टर टेओ आले तेव्हा मी त्यांच्या दाराशी उभी होते. सगळं सांगितलं. पाइप, पाणी, मीटर, आणि मी काय म्हणाले होते ते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"तुझा अर्ज या आठवड्यात जायचाय. माहितीये ना?"

"माहितीये."

"शुक्रवारी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?"

"अर्ज या आठवड्यात जायचाय म्हणून."

ते हसले नाहीत. "लिहून दे. वेळेसकट."

मी अडीच पानं लिहिली. माझ्या पदवीचा इतका उपयोग त्याआधी कधी झाला नव्हता. कोरड्या आणि भिजवलेल्या कोंबड्या घेऊन आम्ही पडताळाही पाहिला, पाच-सहाच, आणि भिजवलेली बेशुद्ध होत नाही असं दिसताच टेओंनी स्वतः थांबवला. पकचिकचा करार नवा झाला. माझा अर्जही गेला, पण दोन वर्षांऐवजी एकाच वर्षाचा, आणि टेबल काढून घेऊन मला सहा महिने शेडवर पाठवलं. गमबूट घालून क्रेट उतरवायचं काम. घरी मी हे सांगितलं नाही. वडिलांना वाटत होतं, लेक खुर्चीवर बसते.

ते सहा महिने मला मिळाले नसते तर आज मी एक मीटर वाचणारी बाई असते. दुपारच्या सुट्टीत पकचिक मला हौदापाशी न्यायचे. कापायचा हक्क मला नव्हता आणि नाही, पण मान धरायला त्यांनी शिकवलं. बेशुद्ध कोंबडीची मान धनुष्यासारखी वळते, पंख अंगाशी घट्ट येऊन बारीक थरथरतात, श्वासाची हालचाल थांबते, डोळ्याला बोट लावलं तर पापणी हलत नाही. हे चार्टवर लिहिलेलं असतं. हाताला ते चार्टपेक्षा आधी कळतं. माझी बोटं चुकली की ते माझ्या मनगटावर टिचकी मारायचे. "ऐक," म्हणायचे, जणू मान काही बोलतेय.

नियमही बदलला. ज्याचा हात मानेवर आहे त्याने कुणाला न विचारता दोरी ओढायची. टेओंनी तो नियम स्वतः लिहिला, आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे. माणूस कडक होता, पण कागदावर एकदा खरं आलं की त्याच्यापुढे स्वतःचं म्हणणं मागे घ्यायचा. सगळं नाही, तरी बरंचसं. कारण तो शेरा तसाच राहिला. ऑफिसचं म्हणणं, शेरा हा शेरा, तुझा अहवाल त्याच्यामागे जोडलाय, झालं. पकचिकनी मला एकदाच विचारलं, "तो शब्द काढला?" मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि सुरी पुसायला घेतली. पुढे दोन वर्षं ते कामावर होते. परत कधी विचारलं नाही. निवृत्त झाले तेव्हा केक कापला, भाषणं झाली, आणि फाइलमध्ये 'स्लो' होतंच.

नंतर मी त्याच खात्याची प्रमुख झाले. तेव्हाच तो शेरा काढता आला असता. पण नव्या मशिनी, नवे कामगार, लग्न, मूल, आणि जुनी फाइल उघडायची लाज. वर्षं गेली. यंदा कारखाना नव्या इमारतीत जायचा होता, जुन्या माणसांच्या फायली बंद करायच्या होत्या आणि त्यांच्या यादीवर सही माझी होती. पकचिकची फाइल हातात आली. मी एक पत्र लिहिलं. त्या दिवशी लाइन थांबवण्याला कारण होतं, ते कारण सही करणारी ही व्यक्ती स्वतः होती, तेव्हाचा शेरा पूर्ण मागे घेण्यात येत आहे. मिस्टर टेओ आता सल्लागार म्हणून आठवड्यातून दोनदाच येतात. त्यांनी ते दोनदा वाचलं, 'पूर्ण' या शब्दाखाली रेघ मारली आणि माझ्या सहीखाली आपली सही केली.

शनिवारी पत्र घेऊन बुकित बातोकला गेले. पकचिकना आता चालायला काठी लागते. चष्मा शोधण्यात दहा मिनिटं गेली. मग त्यांनी खिडकीपाशी जाऊन पत्र वाचलं, उलटून मागची कोरी बाजू बघितली आणि परत पुढून वाचलं.

"इंग्रजी चांगलं आहे तुझं," ते म्हणाले. "पण हे बरोबर नाही. स्लो तर मी होतोच. त्या दिवशी सगळ्यांत स्लो मीच होतो, म्हणून तर कळलं."

"मग फाडून टाका," मकचिक स्वयंपाकघरातून म्हणाली. "इतकी वर्षं माझं डोकं खाल्लं त्या शब्दापायी. आता म्हणे, होतोच."

पकचिकनी पत्राची घडी घातली, तिची आणखी एक घडी घातली, खिशातून पाकीट काढलं आणि आपल्या ओळखपत्राच्या मागे ती सरकवायला लागले. कागद जाड होता, आत जाईना. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी माझ्या मनगटावर टिचकी मारली आणि सावकाश, एकेक कोपरा दाबत, तो आत बसवला.